रस्त्यापलीकडचा ट्रम्पेट

मास्तरांच्या बॅंडमध्ये माणसं भरपूर, पण ट्रम्पेट एकच आणि तो मास्तरांच्या तोंडाला. ते फुंकायला लागले की गल्लीतली कुत्रीसुद्धा मुकाट्याने वाट सोडत. अशा माणसाला एकदा रक्तदानाची हुक्की आली. रक्त दिलं, वर बिस्किटं खाल्ली, ऐटीत घरी आले. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. रक्तात हिपॅटायटिस सी दिसतोय, यकृताचा आजार, संसर्गजन्य आहे, डॉक्टरांना भेटा.

‘संसर्गजन्य’ ऐकलं आणि मास्तरांनी फोनच ठेवून दिला. आरशात डोळे ताणताणून पाहिले. पांढरेशुभ्र.

"पिवळे नाहीत, म्हणजे आत मुरलाय," त्यांनी बायकोला दारातूनच सांगितलं.

ताट वेगळं झालं, अंथरूण वाद्यांच्या खोलीत ढोलाशेजारी गेलं. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि लेक जवळ आली की हे भिंतीला चिकटायचे. ती सासरी जाण्याआधी तिला एकदा पोटाशी धरायचं एवढीच या माणसाची इच्छा, आणि तेच नेमकं जमणार नाही म्हणून रात्रभर उसासे.

कमाल पुढेच आहे. ट्रम्पेट म्हणजे फुंकर, तेव्हा सगळा रोग नळीतून लोकांच्या अंगावर जाणार, असा त्यांचा हिशेब. म्हणून पुढच्या मिरवणुकीत बॅंड रस्त्याच्या या बाजूला आणि मास्तर पलीकडच्या फूटपाथवर. मधून बस गेली की सूर गडप. लोक नाचता नाचता थांबून शोधायला लागले, की हे गाणं येतंय कुठून.

"भावोजी, तुम्ही नक्की कुणाच्या लग्नात आहात?" ढोल वाजवणाऱ्या मेव्हण्याने ओरडून विचारलं.

दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना रिक्षात कोंबून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आणखी तपासण्या केल्या. विषाणू होता, यकृत मात्र अजून शाबूत होतं.

"लहानपणी सुया टोचून घेतल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"एकच सुई सगळ्या गल्लीला."

"मग तेव्हापासूनचा असेल. हा रक्तातून रक्तात जातो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. डोळे पिवळे होतीलच असं नाही, पण यकृत पोखरतो. रोज गोळ्या घ्या, तीन महिने, एकही चुकवू नका. दारूला हात लावायचा नाही. संपल्यावर थोडं थांबून पुन्हा रक्त तपासू. बहुतेक लोक पूर्ण बरे होतात."

"आणि ट्रम्पेट?"

"वाजवा की. ओठ फुटतात का?"

"लग्नसराईत फुटतात."

"तर माऊथपीस कुणाला देऊ नका. वस्तरा आणि दातांचा ब्रशही तुमचा तुमच्यापाशी. बायकोचंही रक्त एकदा तपासून घ्या. बाकी एका ताटात जेवा, मिठ्या मारा, काही होत नाही."

मास्तर हरखून गेले. रिक्षावाल्यालासुद्धा यकृत समजावून सांगितलं. बायकोच्या रक्तात काही निघालं नाही, अंथरूण घरात परत आलं. पण लेकीचं काय? डोक्याला पटलेलं हातांना पटेना. ती जवळ आली की ते हळूच सरकत.

लग्न लागलं तेव्हा गोळ्या अर्ध्यावरही आल्या नव्हत्या. लेक निघाली, तसे मास्तर ट्रम्पेट तोंडाला लावून असे काही सुटले की थांबायचं नाव नाही. वाजवत राहिलं म्हणजे कुणाला जवळ यायला जागा नाही. लेक सरळ समोर आली, ट्रम्पेट काढून मामाच्या हातात दिला आणि बापाला घट्ट बिलगली. मास्तरांचे हात मात्र पकडलेल्या चोरासारखे वर.

"बाबा, हात खाली घ्या," ती म्हणाली. "डॉक्टरांचं मीही ऐकलंय."

बॅंड थांबला. मास्तरांनी हात खाली घेतले, तिच्या पाठीवर ठेवले आणि भर रस्त्यात हसत हसत रडायला लागले. मग काही केल्या सोडीनात. नवरदेव गाडीचं दार उघडं धरून ताटकळत उभा राहिला.