बाजारातला फोटो

शहापूरच्या आठवडे बाजारात तो फोटोवाला गळ्यात पेटीसारखा कॅमेरा अडकवून हिंडायचा. त्या कॅमेऱ्यात वरून पाहावे लागे, त्यामुळे हा आपल्याच पोटाकडे बघत उभा आहे असे वाटे. "पोट दुखतंय काय रे?" भाजीवाल्या विचारायच्या. "चालू द्या तुमचं," एवढेच तो म्हणे. रिळात फोटो आठच निघत, म्हणून कोणी फोटोसाठी ताठ उभे राहिले की तो न काढताच पुढे जाई.

लढाईच्या दिवसांत आमचे शेजारी तापाने गेले. गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून फोटो काढायची तेव्हा चाल होती, म्हणून मी त्याला बोलावून आणले. शेजाऱ्यांची बायको म्हणाली, "ह्यांचा एक पण फोटो नाय. पोरी लहान हायत. त्यांना बाप कसा दाखवू?"

त्याने प्रेताकडे पाहिले. कॅमेरा त्याने उघडला नाही. घरी जाऊन एक जुना फोटो घेऊन आला. त्यात बाजाराच्या गर्दीत शेजारी मडके वाजवून बघत होते आणि हसत होते.

"नुसता चेहरा कापून मोठा कर," मी सुचवले.

"मग ते हसतायत कुणाशी, ते पोरींना कसं कळायचं, अण्णा?"

हसत होते ते माझ्याशी. फोटोत मी काखेत छत्री धरून त्यांच्या बाजूला उभा आहे.

श्राद्धाला त्या घरी मला जेवायला बोलावतात. भिंतीवरच्या त्या फोटोला हार घातलेला असतो, आणि तो फोटोतल्या माझ्याही गळ्यात येतो.