अकराने भाग जाणारी फाईल

आत्या गेली सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात जुन्या फायली सांभाळते. वरच्या मजल्यांवर तिला ‘अकराबाई’ म्हणतात, कारण तळघरातल्या प्रत्येक फाईलच्या सात आकडी क्रमांकाला अकराने पूर्ण भाग जातो. पहिले सहा अंक ओळीने येतात, सातवा ती बसवते. ज्याला कुठलाच अंक बसत नाही, तो क्रमांक ती सोडून देते.

“स्थळं नाकारली, आता आकडे नाकारते,” बाबा म्हणतात.

परवा सकाळी मी तिचा डबा घेऊन गेले, तर खिडकीपाशी एक बाई कार्ड हातात धरून उभी होती. तिच्या वडिलांच्या, एका म्हाताऱ्या गवंड्याच्या पायाची शस्त्रक्रिया होती. पूर्वी कधीतरी भुलीच्या एका औषधाने त्यांचा श्वास थांबत आला होता. कुठल्या, ते फक्त फाईलमध्ये लिहिलेलं. ते नाव कळल्याशिवाय डॉक्टर भूल द्यायला तयार नव्हते, आणि पाय फार थांबणार नव्हता.

कार्डावर क्रमांक होता ४८०२७१७. आत्या फडताळापर्यंत जाऊन हात हलवत परत आली. मग तिने कार्ड नीट पाहिलं. अक्षर तिचंच होतं. फाटलेलं कार्ड गेल्या वर्षी तिनेच नवं करून दिलं होतं.

“एकाआड एक अंक मिळव,” ती मला म्हणाली.

चार, शून्य, सात, सात. अठरा. उरलेले आठ, दोन, एक. अकरा.

“फरक सात. शून्य नाहीतर अकराच्या पटीत हवा. हा क्रमांक आपल्याकडे जन्मलाच नाही.”

“म्हणजे फाईल नाही?” बाई पायरीवर बसलीच.

“आहे गं. माती मी खाल्लीय. घाईत शेजारचे दोन अंक उलटे लिहिलेत. अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून बेरजेवर चालणारा नऊचा ताळा अशा वेळी मुका बसतो. अकरा बोलतो.”

शेजारच्या जोड्या सहा. तिने पेन्सिलने एकेक उलटून पाहिली. तिसऱ्या जोडीला, शून्य आणि दोनची जागा बदलताच, वीस उणे नऊ, अकरा आले. मी उठले.

“बस. एक सापडलं म्हणून थांबायचं नसतं.”

उरलेल्या तिन्ही जोड्या नापास झाल्या. मगच ती स्टुलावर चढली. ४८२०७१७. फाईल फिकट झाली होती, पण आत लाल शाईतलं औषधाचं नाव ठळक होतं. फोनवर तिने ते अक्षर अक्षर सांगितलं आणि डॉक्टरांकडून परत वदवून घेतलं.

दुपारी ती बाई खाली आली, तेव्हा तिचा पदर डोळ्यांना होता आणि ती हसत होती.

“बाबा शुद्धीवर आलेत. विचारतायत, गिलावा वाळला का.”

“वाळला म्हणावं,” आत्या म्हणाली.

तिने नवं कार्ड लिहिलं, एकाआड एक अंक मोजले, मलाही मोजायला लावले. मग गार झालेला डबा उघडला आणि सगळा संपवला.