हात थरथरला की आधी मोजायचं

वहिनीला साखर मी चारली, हे आधीच कबूल करून टाकतो. उगाच दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पोलादी प्लेटांच्या गोदामात ती क्रेन चालवते आणि मी खाली उभा राहून तिला हाताने खुणा करतो; बोलायचंच झालं तर दोघांकडे वॉकीटॉकी असतो. छताखालच्या दोन रुळांवर क्रेन पुढेमागे धावते, तिला एक काचेची केबिन लटकलेली आहे आणि तिथे पोचायला चौतीस पायऱ्यांची शिडी. एकेक प्लेट चार टनांची. घरात ती माझं एक ऐकत नाही. गोदामात मात्र मी मूठ मिटली की तिचा हुक जागच्या जागी थांबतो. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. सगळं गोदाम तिला वहिनीच म्हणतं, तिच्याहून वयाने मोठे ट्रकवालेसुद्धा.

तिला मधुमेह होऊन आठ वर्षं झाली. गोळ्या चालू होत्या, साखर आटोक्यात होती. तीन वर्षांपूर्वी एकदा कामाच्या गडबडीत तिचा डबा तसाच राहिला आणि दुपारी हात थरथरायला लागले, घाम फुटला, छाती धडधडली. खाली येऊन मोजली तर साखर छप्पन्न. मी घाईघाईने साखरपाणी पाजलं आणि पंधरा मिनिटांत ती माणसात आली. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी एक धडा पाठ केला: हात थरथरले की साखर उतरली, आणि उतरली की खायची. माझ्या खिशात तेव्हापासून साखरेच्या पुड्या असायच्या. वहिनीने वरून दोरी सोडली की मी पिशवीत पुडी घालून ती वर पाठवायचो. मोठं पुण्यकर्म करतोय अशा थाटात.

गेल्या वर्षी थंडीत ही दोरी जरा जास्तच खाली यायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून तीन-तीनदा. त्यातच वहिनी बारीक व्हायला लागली. जेवायची दुपटीने, पण ब्लाउज ढगळ होत चालले. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. भर थंडीत ती पंखा लावून झोपायची आणि आमचा दादा दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत बायकोच्या नावाने बोटं मोडायचा. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी आमच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

डॉक्टरांकडच्या रिपोर्टात साखर मात्र चढतच गेली. डॉक्टरांनी रिपोर्टवरची नजर न काढता विचारलं, "गोड खाताय ना?"

"हात थरथरला तरच," वहिनी म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी गोळी वाढवली. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा दादाने घरातल्या साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. आठ दिवस ती दादाशी बोलली नाही.

मग एके दिवशी प्लेट हलली. नेहमीची उचल होती. मी 'हळू' अशी खूण केली, तिचा हात दांड्यावर थरथरला आणि चार टनांची प्लेट झोका खाऊन माझ्या खांद्याजवळून वीतभर अंतरावरून गेली. तिचा वारा लागला मला. कोणी पाहिलं नव्हतं. मी वर बघून 'काही नाही झालं' असा हात हलवला.

वहिनीने प्लेट जागेवर ठेवली, क्रेन बंद केली, चौतीस पायऱ्या उतरली आणि थेट सुपरवायझरच्या खोलीत गेली. "माझा हात थरथरतोय. मला क्रेनवरून काढा."

तो म्हणाला, "महिन्याभरात वार्षिक तपासणी आहेच. तोवर जपून चालवा."

"तोवर खाली हे उभे राहणार आहेत," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. एकोणीस वर्षांची जागा तिने दोन मिनिटांत सोडली होती, आणि तीही माझ्यासाठी. सुपरवायझरने तिला स्टोअरमध्ये हातमोजे आणि हेल्मेट वाटायला बसवलं. चार महिन्यांत हात स्थिर झाला तर क्रेन परत, नाहीतर निवृत्तीपर्यंत स्टोअर. बरेच जण म्हणाले, बरं झालं, आता आरामात बसा. त्यांना वहिनी कळलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती साखर मोजायचं मशीन आणि एक वही घेऊन आली. "भाऊजी, ती पहिली खेप सोडली तर आपण कधी मोजलंय का? हात थरथरला की तुम्ही पुडी फाडता आणि मी तोंड उघडते. आता आधी मोजायचं."

"आणि मोजता मोजता चक्कर येऊन पडलात तर?"

"तर उचला. गोदामात क्रेन आहे."

दुपारी तिचे हात थरथरायला लागले. मी सवयीने पुडी फाडलीच होती. तिने बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला दोनशे एकतीस. मी म्हणालो, मशीन बिघडलंय. तिने सुई बदलून माझंच बोट टोचलं. माझी अठ्ठ्याण्णव.

"मशीन शहाणं आहे," वहिनी म्हणाली. "वेडे आपण दोघं."

मी ती पुडी हातात धरून उभा राहिलो. वर्षभर चढलेल्या साखरेवर मी आणखी साखर ओतत होतो, आणि ती बिचारी गोड खाल्ल्याच्या शिव्या खात होती. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

दोन आठवड्यांत तिने सव्वीस वेळा मोजलं. एकदाही आकडा एकशे सत्तरच्या खाली नव्हता. वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नेहमीचं सुरू करायच्या आत तिने वही पुढे सरकवली. "आधी हे वाचा. मग काय बोलायचं ते बोला."

त्यांनी वाचलं, परत पहिल्या पानापासून वाचलं आणि मग वहिनीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिला हात पुढे पसरायला लावून बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडत राहिला. मग पाण्याचा घोट गिळायला सांगून गळा चाचपला आणि रक्ताची वेगळी तपासणी लिहून दिली. थायरॉइड निघालं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. गळ्यातली ही ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करायला लागली की सगळं शरीर घाईला येतं. छाती धडधडते, घाम येतो, हात थरथरतात, वजन उतरतं. साखर कमी झाल्यावरही थरथर आणि घाम असाच येतो, म्हणून फसगत होते. खरं तर या घाईत यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि नेहमीच्या गोळ्या अपुऱ्या पडतात.

"गोड खाण्याचा आरोप मी मागे घेतो," डॉक्टर म्हणाले.

"सगळा नका घेऊ," वहिनी म्हणाली. "खाल्लीच आहे मी. यांनी चारली."

औषध सुरू झालं म्हणून चुटकीसरशी काही बदललं नाही. पहिला महिना कागद फडफडतच होता. वहिनी रोज सकाळी स्टोअर उघडायच्या आधी बोटांवर कागद ठेवून बघायची, वहीत लिहायची आणि हातमोजे वाटायला बसायची. दुसऱ्या महिन्यात तिला पांघरूण लागायला लागलं. थायरॉइड जागेवर येईल तशी साखरही उतरायला लागली, आणि ती खरोखरच फार उतरू नये म्हणून डॉक्टरांनी वाढवलेली गोळी परत कमी केली. दादाने डब्याचं कुलूप काढलं. माफी वगैरे मागितली नाही, पण स्वतः चहा करून तिच्यासमोर ठेवला. बिनसाखरेचा.

चौथ्या महिन्याच्या शेवटी तपासणी झाली. डोळे, रक्तदाब, साखर आणि पसरलेले हात. कागद हलला नाही. कंपनीच्या डॉक्टरने सही केली.

सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिल्या उचलीला खाली दुसरा कोणी राहू दे. तुम्ही नको." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. वहिनी वर चढली. प्लेटला साखळ्या लावून झाल्या, माणसं बाजूला झाली.

माझ्या वॉकीटॉकीतून तिचा आवाज आला. "भाऊजी, भीती वाटत असेल तर आत्ता सांगा. मी उतरते."

"वाटतेय," मी म्हणालो. "उचला."