मदिनाबीचं पाणी

शिरूर-न्हावरे रस्त्यावरच्या आमच्या वस्तीला धड नावच नव्हतं. मदिनाबीच्या नावाची गोष्ट मात्र साऱ्यांना ठाऊक होती. तिच्या बापाला मदिनेला जायची फार आस. पण बिचारा दौंड स्टेशनाच्या पुढं कधी गेला नाही. मग त्यानं लेकीचंच नाव मदिना ठेवलं.

तिचा नवरा शेखलाल सडकेवर खडी फोडताना ऊन लागून गेला. त्या वर्षीपासून तिनं वाटेवरच्या कडुलिंबाखाली रांजण मांडला. विहीर लांब, ओढ्यापलीकडं. तिथून डोक्यावर हंडे आणून ती रांजण भरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत पाणी घालायची. सोवळी मंडळी आधी तोंड फिरवायची. पण चैत्राच्या उन्हात सोवळं टिकतं किती! पुढं एसटी सुरू झाली, ती लिंबापाशी थांबू लागली, आणि कंडक्टर आपसूक ओरडू लागले, "मदिनाबीचं पाणी!" वस्तीला नाव मिळालं ते असं.

सरपंच भिमाजीआप्पांना हे सलायचं. वस्ती बसवली त्यांच्या वडलांनी, हौसरावांनी. विहीर खणली त्यांनीच. आणि नाव कुणाचं? १९६१ साली आप्पांनी खटपट करून 'हौसरावनगर' अशी पाटी लावून घेतली. रांजण आहे तोवर जुनं नाव हटायचं नाही, हेही त्यांनी ओळखलं.

"भाबी, रांजण तुमच्या दारात न्हेऊन ठिवा," ते म्हणाले. मदिनाबीनं मुकाट्यानं नेला. वस्तीनं मूग गिळले.

आप्पा हुशार, पण एक गोष्ट साफ विसरले. वस्तीतल्या बायका म्हणजे हौसरावांच्या सुना आणि नातसुना. आप्पांची आई साखरबाई तर खुद्द हौसरावांची बायको. हे नाव तोंडानं घेणार कोण?

शिरूरचा बाजार करून साखरबाई दोघी सुनांसह एसटीत बसल्या. जालिंदर नावाचा नवा कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"कुठं, आजी?"

"मदिनाबीचं पाणी."

"आता त्यो थांबा न्हाई. पाटीवरचं नाव सांगा."

साखरबाईंनी सुनांकडं पाहिलं. सुनांनी तोंडाला पदर लावले. "आमच्या मामंजींच्या नावाचं..." धाकटी पुटपुटली.

"मामंजी नावाचा थांबा न्हाई, बाई! नाव घ्या, न्हाईतर उतरा."

सारी गाडी हसली. साखरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागच्या बाकावर मदिनाबी बसली होती. गप्प राहिली असती, तर कुणी तिला नावं ठेवली नसती. ती उठली. "चार तिकिटं द्या, हौसरावनगर," ती म्हणाली. "लई मोठा माणूस व्हता हौसरावआबा. त्येंच्याच हिरीचं पाणी मी घालीत व्हते."

एवढं मोठं मन मी दुसरीकडं पाहिलं नाही.

साखरबाई घरी आल्या आणि बाजाराची पिशवी खाली न ठेवताच लेकाला म्हणाल्या, "भिमा, उभा जन्म मालकांचं नाव म्या घेतलं न्हाई. आज भरल्या गाडीत माझ्यासाठी ते मदिनानं घेतलं. आन् तू तिचं नाव पुसतोस व्हय?"

सकाळी मदिनाबीच्या दारातला रांजण आप्पांनी स्वतः खांद्यावर घेतला आणि लिंबाखाली आणून ठेवला. ती हंडा उचलून पाण्याला निघाली, तर सरपंचांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि ते ओढ्याच्या वाटेला लागले.