साठ किलोंची चोरी

पैलवान कधी आखाड्यात उतरला नव्हता. दीडशे किलोंना पोचलेल्या ट्रक ड्रायव्हरला दुसरं काय म्हणणार, म्हणून लोक पैलवान म्हणायचे. स्टिअरिंग पोटाला घासायचं. रात्री झोपेत श्वास अडायचा, मग दिवसा डुलक्या. एकदा भर दुपारी गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. कुणाला लागलं नाही, पण मालकाने चावी काढून घेतली. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसला आणि आतल्या आत खचला.

सर्जन बाईंनी वजन उतरवायला पोट लहान करण्याचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "पुन्हा गाडीवर बसेन?"

"झोप सुधारली तर बसाल. पण पोट कापलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. खरं काम नंतर आहे."

आधी पंधरा दिवस नुसतं पातळ. सूप पिऊन पैलवान बायकोवर खेकसायचा आणि लगेच माफी मागायचा. ऑपरेशननंतर तर अर्ध्या वाटीत पोट भरायला लागलं. एक घास जास्त झाला की छातीत अडकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. जेवताना पाणी बंद, गोळ्या जन्मभर. केस गळले, दंडाची कातडी लोंबू लागली. चार माणसांत जेवायला बसायची त्याला लाज वाटे. पूर्वी जास्त खातो म्हणून वाटायची, आता कमी खातो म्हणून.

वर्षभराने झोपेची तपासणी झाली. श्वास अडत नव्हता. मालकाने चावी दिली, पण बजावलं, "पहिल्या फेरीत एक जरी तक्रार आली, तर पुन्हा फाटकावर."

माल भरण्याआधी रिकामी गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर घेतात, ड्रायव्हर आत बसलेला, टाकी भरलेली. काटेवाल्याने आकडा पाहिला, या गाडीची दीड वर्षापूर्वीची शेवटची नोंद पाहिली, आणि खिडकीतून ओरडला, "साठ किलो कमी! स्टेपनी कुठे विकलीस रे?"

पैलवान घाईने खाली उतरला. दोघांनी गाडीभोवती फेरी मारली. स्टेपनी जागेवर. जॅक, साखळ्या, ताडपत्री, सगळं जागेवर.

"मालकाला फोन लावतो," काटेवाला म्हणाला. "या गाडीवर पूर्वी एक भला जाडा ड्रायव्हर असायचा. त्याच्या वेळी कधी किलोचा फरक पडला नाही."

"काटेवाले, तो मीच."

काटेवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आवाज ओळखीचा वाटला असावा, कारण फोन खिशात गेला. "गाडी पुढे घे. आणि तू एकटा काट्यावर उभा राहा."

ट्रक मावतील एवढ्या त्या लोखंडी पत्र्यावर पैलवान मधोमध जाऊन उभा राहिला. आकडा आला, नव्वद. दवाखान्यातल्या काट्यावर त्याने वजन उतरताना दर आठवड्याला पाहिलं होतं, पण ते थेंबाथेंबाने. आज सगळं एकदम समोर आलं. त्याच्या अंगावर काटा आला.

तिथूनच त्याने बायकोला फोन लावला. "अगं, तुझं वजन किती?"

"हे काय विचारणं झालं? असेल साठ. का हो?"

फोन कानाला तसाच धरून तो आकड्याकडे बघत राहिला. डोक्यापासून पायापर्यंत त्याची आख्खी बायको! एवढं ओझं छातीवर घेऊन तो झोपला होता, जिने चढला होता, आणि जिवंत राहिला होता.

"अहो, बोला ना! गाडी घेतली ना काढून?"

काटेवाल्याने जुना आकडा खोडला, नवा लिहिला, आणि माल भरायला जाण्याची खूण केली.

"नाही गं," पैलवान म्हणाला, "काट्याने माझ्या बाजूने साक्ष दिली."