ट्रेबलवरचे लाल ठिपके

जुना साउंड मिक्सर विकणारा माणूस तो का विकतोय हे कधी खरं सांगत नाही, असा माझा पक्का समज. त्यामुळे नगरला साउंडवाल्या चाचांच्या दुकानात शिरलो तो संशय घेऊनच. सोबत बायको होती. तिला कापडबाजारात जायचं होतं, पण माझं काम उरकल्याशिवाय तिचं सुरू होणार नव्हतं.

कोल्हारजवळच्या आमच्या गावात माझं साउंडचं काम आहे. लग्नं असतात, कीर्तनं असतात, आणि घरामागच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे, तिथं आसपासची भजनी मंडळं रेकॉर्डिंगला येतात. पण माझी खरी अब्रू गावच्या हरिनाम सप्ताहात. वीस वर्षं तिथला आवाज माझाच. गेल्या दोन वर्षांत मात्र ओरड सुरू झाली, की टाळ कानात घुसतात, पुढं बसवत नाही. मी माइक बदलले, स्पीकर बदलले, वायरीसुद्धा बदलल्या. शेवटी हौसेनं घेतलेल्या डिजिटल मिक्सरवर वहीम घेतला आणि तोही काढून टाकला. सप्ताह कमिटीच्या अध्यक्षांनी तोवर तोंडावर सांगितलं होतं, "औंदा शेवटचं बघतो. न्हाई जमलं तर दुसरा साउंडवाला आणू." ते ऐकून माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

म्हणून ठरवलं, आता ॲनालॉगच. एका बटणाला एकच काम, पडद्याआड काही लपलेलं नाही. सोळा चॅनेलचा हवा, म्हणजे मांडवातही चालेल आणि स्टुडिओतही.

चाचांची हयात उरुसातल्या कव्वाल्यांना आवाज देण्यात गेलेली. त्यांचा मिक्सर इतका स्वच्छ होता की मला तेच खटकलं. कुठं धूळ नाही, एकही बटण ढिलं नाही. आणि प्रत्येक चॅनेलवर ट्रेबलच्या, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज कमीजास्त करायच्या, बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका. उघडून दुरुस्त केलेल्या मालाच्या स्क्रूवर असाच रंग लावतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"चाचा, हे काय?"

"घरवालीनं लावलंय."

"कशासाठी?"

"तुमी आधी वाजवून तर बघा, भाऊ."

सरळ उत्तर नाही, म्हणजे नक्की पाणी मुरतंय. मी काही न वाजवता सगळे चॅनेल मोकळेच वर केले. जुन्या ॲनालॉगला थोडी सूं सूं असतेच, इथं तीही नाही. मग मी पिशवीतून माझे टाळ काढले. कुठलाही मिक्सर मी टाळांवरच पारखतो, कारण आमच्याकडं सप्ताह म्हणजे माइकसमोर पंचवीस-तीस टाळकरी. टाळ बायकोच्या हातात देऊन तिला माइकसमोर उभं केलं.

ट्रेबल ठिपक्यापर्यंत नेला. आवाज अगदी मेलेला, गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखा. सापडली चोरी! "चाचा, याचा ट्रेबल गेलाय," मी म्हणालो आणि बटण ठिपक्याच्या पुढं नेलं. अजून पुढं. शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठं टाळात जरा जीव आला.

बायकोनं टाळ टाकून दोन्ही कान दाबले. "अहो, बंद करा! कानाचे पडदे फाटतील!" समोरचा चहावाला गाळण हातात घेऊन बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. दुकानात शांत होतो ते फक्त आम्ही दोघं, मी आणि चाचा.

मी बायकोवरच खेकसलो, काय नाटकं करतेस म्हणून. चाचा हसले. "ताईंचे कान चांगले हायेत, भाऊ. गेलेत ते आपल्या दोघांचे. जन्मभर स्पीकरपाशी उभं ऱ्हायलो, वरचा आवाज ऐकूच येत न्हाई. लोकं वराडायला लागली तवा घरवालीनं ठिपके लावले. म्हनली, हितंच थांबायचं. आता ठिपक्यावर धंदा किती दिवस करायचा? म्हनून विकतोय."

"सूं सूं पण येतीये की मघापासून," बायको हळूच म्हणाली.

मला भयंकर राग आला. कोणावर काढावा तेच कळेना. दोन वर्षं काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता. मग बटण हळूच परत ठिपक्यावर आणलं. हात अजून बटणावरच होता. मिक्सर घेतला. ठिपके पुसू नका, एवढंच चाचा म्हणाले.

सप्ताहाच्या पहिल्या कीर्तनाला बायकोला मी बायकांच्या पुढच्या रांगेत बसवलं. टाळकरी उभे राहिले. ट्रेबल ठिपक्यावर आणला. मला सगळं दबलेलं वाटत होतं. बटण जरा, नखभर तरी पुढं न्यावं म्हणून बोटं शिवशिवत होती. वीस वर्षं ज्या कानावर पोट भरलं, तोच सांगत होता की आवाज बिघडलाय. मी बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली, ठीक आहे.

शेजारी अध्यक्ष येऊन बसले. "आज टाळ लई गोड वाजत्यात," ते म्हणाले. मी 'व्हय' म्हणालो आणि टाळकऱ्यांचे हात बघत राहिलो.