एका कोयत्याचं कार्ड

तिसगाव ते नगर मी वडापची जीप चालवतो. माझ्या जीपमध्ये सीटवरून सगळ्यात जास्त भांडलेली बाई म्हणजे कडूबाई. नवऱ्याला, अजिनाथला, अंगाला चिकटवून बसायची आणि मला ऐकवायची, "आमी दोघं एक कोयता. आमचं एकच शीट धर." ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, हे खरं. एक आजारी पडलं की दोघांचा खाडा. पण जीप म्हणजे काय उसाचा फड आहे? मी करवादायचो आणि एकच सीट धरायचो.

अर्धं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं आणि मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. सरकारी योजनेत फुकट व्हायचं, म्हणून ती तगली. खंत एकच, "माज्यापायी ह्यांचा अर्धा कोयता झाला." एकट्या गड्याला तोडीवर अर्धा कोयताच म्हणतात. डॉक्टरांनी तिला पाणी मोजकं प्यायला सांगितलेलं, म्हणून अजिनाथ बाटली आपल्या मांडीवर धरून बसायचा.

मध्यंतरी योजनेचं बदललं. आधी घराचं रेशनकार्ड दाखवलं की भागायचं. आता ज्याचं दुखणं, त्याचं स्वतःचं कार्ड. गावात कार्डं काढायला माणसं आली, तेव्हा कडूबाईनं नवऱ्याला रांगेत धाडलं आणि आपण घरी भाकरी थापत बसली.

गेल्या सोमवारी तिला धड चालवेना, म्हणून मीही हॉस्पिटलात आत गेलो. योजनेच्या टेबलावरच्या शॅरननं कार्ड मागितलं. कडूबाईनं ऐटीत नवऱ्याचं पुढं केलं.

"मावशी, हे काकांचं आहे. तुमचं कुठंय?"

"आगं, एका कोयत्याला दोन कार्डं कशाला?"

मी डोक्याला हात लावला. तिचे पाय टम्म सुजले होते, दोन वाक्यांत धाप लागत होती. आज मशीनवर गेली नाही तर काय होईल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. असा संताप आला मला तिचा! आणि त्याहून जास्त भीती वाटली.

शॅरन मात्र शांत. "इथंच काढू," म्हणाली. आधी अंगठा लावला. कोयता धरून धरून तो गुळगुळीत झालेला, मशीन काही घेईना.

"माजा घ्या की," अजिनाथ म्हणाला.

"नाही चालत, काका. त्यांचाच लागतो."

मग तिनं मोबाईल कडूबाईच्या तोंडासमोर धरला. "चेहऱ्यावरून बघू. मावशी, डोळ्यांची उघडझाप करा."

कडूबाई मुकादमाकडे बघावं तशी डोळे वटारून बघत राहिली.

"आगं, मिट की डोळं!" अजिनाथ ओरडला. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. ती दचकली, डोळे मिटले, उघडले. मोबाईलवर हिरवी खूण आली.

"झालं. चला मशीनवर."

माझा जीव भांड्यात पडला. अजिनाथ तर भिंतीला टेकून खालीच बसला. शॅरननं कार्ड छापून दिलं, पण कडूबाई हलेना.

"ह्यावर ह्यांचं नाव कुटं हाय?"

"नाही, मावशी. हे एकट्या तुमचं."

"मंजी मला एकलीला बी धरत्यात?"

"धरतात की. अख्खी."

तिनं कार्ड मुठीत घट्ट धरलं. मशीनवर पडल्यावरही कार्ड हातातून सोडेना, तेव्हा नर्सनं ते उशीखाली ठेवू दिलं.

संध्याकाळी परत निघालो. तिची धाप थांबली होती, चेहरा मोकळा दिसत होता. अजिनाथ सवयीनं चिकटून बसायला गेला, तर तिनं त्याला कोपरानं सरकवलं.

"गोरख, आज आमची दोन शीटं धर."

"का गं? कोयता मोडला का काय?"

"मोडायला काय झालं? ह्ये एक, अन् मी एक."

अजिनाथ खिडकीकडं तोंड करून हसत होता, आणि डोळेही पुसत होता. पाण्याची बाटली मात्र त्याच्याच मांडीवर होती.